पडद्याआडची मिसळ

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडने किंवा मखमलाबादच्या बाजूने गेलं, की गाड्या कुठे वळताहेत हे कुणाला विचारावं लागत नाही. मळ्यात मांडव, दाराशी बैलगाडी, पोरांना झोके आणि पाटीवर ठळक अक्षरांत ‘चुलीवरची मिसळ’. नंबर लागेपर्यंत माणसं बैलगाडीला टेकून फोटो काढतात.

गंमत अशी, की मिसळ मळ्यातली कधी नव्हतीच. तिला बेकरीचा पाव लागतो, शेव-फरसाण लागतं आणि पाळीवर निघालेलं भुकेलं गिऱ्हाईक लागतं. ती वाढली पंचवटीत, मेनरोडला आणि सातपूरच्या कारखान्यांच्या आसऱ्याने. शहराने आपल्याच पदार्थाला खेडं चिकटवलं आणि त्या खेड्याच्या आठवणीने गहिवरून घेतलं.

अमेरिकेत हॅम्बर्गरचं असंच झालं. मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये गाडीपाशी ऑर्डर घेणाऱ्या मुली, बशा, काटे-चमचे सगळं काढून टाकलं आणि पंधरा सेंटांत बर्गर हातात ठेवला. पुढे कौटुंबिक डायनरच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून बसून खायच्या हॉटेलाच्या, आठवणीने जीव हळहळू लागला, तेव्हा १९८६ मध्ये लॉस एंजेलिसला ‘जॉनी रॉकेट्स’ नावाचं रेस्टॉरंट निघालं. त्यात पन्नासच्या दशकाचं काउंटर, उंच स्टुलं, सगळं नवं कोरं. हरवलेल्या वस्तूचाही धंदा होतो, फक्त ती आधी हरवावी लागते.

आपल्याकडे डायनरच्या जागी होती ‘फॅमिली रूम’. हॉटेलाच्या मागच्या अंगाला छतापर्यंत न पोचणारं प्लायवूडचं पार्टिशन, आत संगमरवरी फरशीचं टेबल, दाराला पडदा. पडदा बरोबर हाताच्या उंचीवर तेलकट काळा झालेला असायचा, कारण रस्स्याची किटली घेऊन येणारा पोऱ्या तिथेच धरून तो सारायचा. पापड, दही, काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, आणि ‘अजून वाढू का?’ हा प्रश्न. त्या रस्स्यासाठी माझाही जीव आजही तुटतो.

पण पडदा कशाला होता? बाहेर पुरुष बाकावर बसून खुशाल भुरके मारत, बाई खाताना दिसू नये म्हणून. एकटी बाई तर आतही सहसा नसायची. ‘फॅमिली’ म्हणजे सोबत नवरा. आणि त्याही आधी बाकावर कोण बसू शकत होतं? याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरात दलितांच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. त्यांना देवळाचं दार बंद होतं तशी हॉटेलातली कपबशीही. म्हणून तर राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी-तळ्यांसोबत दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांची नावं घेऊन भेदभावाची मनाई लिहावी लागली. घटनाकारांना हॉटेल ही क्षुल्लक गोष्ट वाटली नाही.

त्यामुळे ‘पूर्वीची मजा नाही राहिली’ असं कुणी म्हणालं, की मला विचारावंसं वाटतं, मजा कुणाची? नव्या मळ्यातल्या मिसळीला आम्ही जुने लोक नाकं मुरडतो. चूल शोभेची, बैलगाडीला बैल नाही, सगळं खरं. पण त्या मांडवात चार मैत्रिणी उघड्यावर बसून मोठ्याने हसत रस्सा मागवतात. कुणाची जात विचारली जात नाही, कुणासाठी पडदा ओढला जात नाही. हे त्या जागेचं खरं नवेपण, आणि पाटीवर नेमकं तेच लिहिलेलं नसतं. पाटी ‘परंपरा’ म्हणते.

जुनी हॉटेलं टिकावीत, हे मलाही वाटतं. पंचवटीत, सातपूरला अजून काही तग धरून आहेत, आणि तिथला रस्सा सजावटीच्या खर्चाने महागलेला नाही. या सुट्टीत मळ्याऐवजी तिथे जा. आई, आजी, मावशी यांना सोबत न्या, पुढच्या बाकावर बसवा आणि पहिल्यांदा हॉटेलात कधी, कुठे आणि कुणाबरोबर बसलात, हे विचारून लिहून ठेवा.