दोन दिवसांची दिल्ली

एखादे मोठे ऐतिहासिक शहर दोन दिवसांत पाहून होते का, हा प्रश्न वरवर सोयीचा वाटतो. पण त्याच्या पोटात नीतीचा एक प्रश्न आहे. दोन दिवसांसाठी आलेला माणूस स्वतःला निव्वळ प्रेक्षक मानतो. तेथे जे घडून गेले त्याच्याशी आपला संबंध डोळ्यांपुरताच आहे, असे तो गृहीत धरतो.

काही वर्षांपूर्वी मी असाच दिल्लीला गेलो होतो. पहिला दिवस कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर पाहण्यात गेला. दुसऱ्या दिवशी लाल किल्ला. दिवाण-ए-खासच्या संगमरवरी खांबांपाशी मार्गदर्शक आम्हा मराठी प्रवाशांना माहिती देत होता. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटून मयूरासन नेले, हे ऐकताना आम्ही हळहळलो. १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ल्यातील कितीतरी इमारती पाडून बराकी बांधल्या, हे ऐकून संतापलो. मग त्याने वर बोट दाखवले. या दालनाचे छत एके काळी चांदीचे होते. १७६० मध्ये मराठ्यांनी ते उतरवून वितळवले. यावर कोणी काही बोलले नाही. एक गृहस्थ घड्याळ पाहू लागले.

माझ्या मनाने तत्काळ वकीलपत्र घेतले. सदाशिवरावभाऊ मुलखापासून दूर होते, खजिना आटला होता, सैन्याचे पगार थकले होते, समोर अब्दाली होता. हे सारे खरेच आहे. परंतु नादिरशहाच्या कृत्याची कारणे मी विचारलीही नव्हती. त्याच्यासाठी ‘लूट’ आणि आपल्यासाठी ‘निकड’ हे दोन शब्द माझ्यापाशी आधीपासूनच तयार होते.

अडीचशे वर्षांपूर्वीच्या कृत्याचा दोष आज जन्मलेल्याला कसा लागेल, असे कोणी विचारील. तो लागत नाही, हे मान्य करावेच लागेल. पण मग १७५८ मध्ये अटकेपर्यंत गेलेल्या फौजांचा अभिमान तरी माझा कसा? त्या फौजेतही मी नव्हतो. वडिलार्जित इस्टेट स्वीकारणाऱ्याला तिच्यावरचा बोजा नाकारता येत नाही. दोन्ही नाकारणारा निदान सुसंगत असतो. आपण बहुतेक जण केवळ जमेची बाजू वाचून वही मिटतो. मी अपराधी व्हावे, असे ते दालन सांगत नव्हते. सारख्या कृत्याला सारखाच शब्द वापरावा, एवढीच न्यायाची अपेक्षा होती, आणि तेवढीही मला जड गेली.

तेथे आता रंगवलेले लाकडी छत आहे. सोबतचे लोक पुढे निघून गेले, तरी मी ते पाहत थोडा वेळ थांबलो. एवढ्यात दुसऱ्या कुठल्याशा प्रांतातील प्रवाशांचा घोळका आला, आणि त्यांच्या मार्गदर्शकाने १७३९ पासून सांगायला आरंभ केला. तो चांदीच्या छतापर्यंत येण्याआधी मला तेथून निघावेसे वाटले. मी निघालो नाही.