सगळ्या ओळींवर एकच आज्ञा

ज्ञानेश्वरीतलं एखादं टिंब पुसायचा अधिकार कोणाचा? आळे या आमच्या गावी घरची हस्तलिखित पोथी संगणकावर उतरवताना या प्रश्नाने मला धरून ठेवलं.

मुलगी पुण्यात संगणकाचंच काम करते. तिने मला विम हा एडिटर शिकवला. त्यात ओळी डोळ्यांनी शोधत बसावं लागत नाही. ओळ दिसते कशी, तेवढं सांगायचं. शेवटच्या दंडांमध्ये इंग्रजी आकडे असलेल्या ओळी निवड आणि ते आकडे देवनागरी कर, अशी आज्ञा दिली की नऊ हजारांवर ओव्यांचे क्रमांक क्षणात बदलतात. तिथे मन अडखळलं नाही.

मग ती म्हणाली, “बाबा, हे जुने अनुस्वार आता कोण वाचतं? टक्क्याचं चिन्ह लावा, सगळ्या फायलीत ‘तें’चं ‘ते’ होईल.” तिचं म्हणणं वावगं नव्हतं. १९६२च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार आपल्या लेखनातून गेलेच आहेत. पण ओवीतलं ‘तें’ कित्येकदा ब्रह्म असतं, नपुंसकलिंगी आणि एक. टिंब गेलं की त्याच जागी ‘ते’ पुष्कळ पुरुष उभे राहतात. ‘मातें’, ‘जयातें’ यांतलं ‘तें’ तर द्वितीयेचा प्रत्यय, आणि ‘होतें’मधलं क्रियापदाचं. आज्ञेला सगळी सारखी, कारण तिला फक्त रूप दिसतं. सर्वांत एक पाहणं ही समदृष्टी; सगळ्यांना एकसारखं करून टाकणं हे वेगळंच काही.

संत एकनाथांनीही ज्ञानेश्वरी दुरुस्त केली, शके १५०६ म्हणजे १५८४ साली. मूळ शुद्धच होतं, पाठभेदांनी बिघडलं, ही त्यांची भूमिका. त्यांनी आपलं नाव आणि शक ग्रंथाअखेर नोंदवला, पुढे कोणी आपली ओवी घुसडू नये असंही बजावलं. दुरुस्ती कोणाची, हे चार शतकांनंतरही कळतं. फायलीवरून फिरलेल्या आज्ञेची अशी खूण मागे राहत नाही.

ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं सांगतात, त्या रेड्याची समाधी आमच्या आळ्यात आहे. वेद त्याच्या मुखातून आले, पण त्याच्या मस्तकावरचा हात माउलींचा होता. यंत्राच्या मुखातून काहीही आलं तरी मला तो हात कोणाचा, हेच विचारावंसं वाटतं. विममध्ये आज्ञेअखेर ‘सी’ हे अक्षर जोडलं की तो प्रत्येक जागी थांबतो आणि विचारतो: हो, नाही, की इथून पुढचे सगळे? ‘सगळे’ म्हणायचा अधिकार माझा नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

आसपास ओतूरला, मंचरला, घोडेगावला कोणाच्या घरी जुनी पोथी असेल, तर ती जशी आहे तशी, टिंबासकट उतरवा. दुरुस्ती करायचीच असेल, तर वेगळ्या प्रतीत करा आणि त्या प्रतीवर स्वतःचं नाव लिहा.