हुद्दा, पगार आणि हात

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शेजारचा एक तरुण आमच्या घरी आला. तो येथील पेपर मिलमध्ये कागदयंत्रावर कामाला होता. नागपूरच्या एका कागद-व्यापाऱ्याने त्याला ‘विक्री व्यवस्थापक’ म्हणून बोलावले होते आणि पगार दीडपट देऊ केला होता. “काका, आई म्हणते, जा. बाबा काहीच बोलत नाहीत. तुम्ही काय ते सांगा,” तो म्हणाला. बाबा म्हणजे कोळसा खाणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचे न बोलणेही बोलके असते.

सल्ला देणे सोपे असते, कारण त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. म्हणून मी त्याला आधी त्याच्या कामाविषयी विचारले. येथील मिलची कंपनी १९४५ साली स्थापन झाली, ती या जंगलातील बांबूच्या भरवशावर. बांबूचे तुकडे कॉस्टिकच्या द्रावणात शिजतात, लगदा धुतला जातो आणि पाण्यासारखा पातळ होऊन जाळीवर धावतो. जाळीवरचे पाणी निथळत जाते आणि एका ठिकाणी लगद्याची चकाकी संपते. “ती रेषा पुढेमागे सरकली की समजायचे, काहीतरी बिघडले आहे,” तो सांगू लागला. “आता पडद्यावर आकडे दिसतात, पण आकडा येण्याआधी मला कळते.” हे बोलताना त्याचा चेहरा उजळला होता. व्यवस्थापकपदाविषयी बोलताना तसे काही दिसले नव्हते.

तरीही हुद्द्याला नुसता पोकळ मान म्हणून झिडकारावे, असे मला वाटत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. ज्यांच्या पूर्वजांना गावाने नावाऐवजी जातीने हाक मारली, त्यांच्या दारावरच्या पाटीवर ‘व्यवस्थापक’ हा शब्द लागला तर तो गर्व नव्हे. उशिरा मिळालेला न्याय आहे. ज्यांना मान जन्मतःच मिळाला, त्यांनी मानाच्या निरर्थकतेवर व्याख्याने देऊ नयेत. मात्र हुद्दा दुसऱ्याने दिलेला असतो आणि दुसराच तो काढून घेतो. २०२० साली बल्लारपूर इंडस्ट्रीज ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा या गावाला ते नव्याने उमगले.

पगाराविषयी तर आपण उगाच लाजतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये स्पष्ट केले की, मालक व कामगार यांनी परस्परसंमतीने ठरवलेले वेतनही कष्टकऱ्याच्या साध्या उदरनिर्वाहाला अपुरे पडत असेल तर ते न्याय्य नव्हे. घरात बहिणीचे नर्सिंगचे शिक्षण चालू असताना दीडपट पगाराकडे पाठ फिरवणे हा त्याग खरा. पण तो त्याग बहिणीला करावा लागतो. गरजेपुरते वेतन हा पहिला हक्क आहे. गरजेच्या पलीकडच्या पैशांचा प्रश्न आला की मात्र मी तराजू हातात घेतो.

त्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कसब असते. संत पौल प्रेषित झाले तरी करिंथ येथे अक्विलाच्या घरी तंबू शिवत राहिले. त्या हातांमुळे ते कोणाचे मिंधे नव्हते. तरुणपणी दगडखाणीत व रसायनांच्या कारखान्यात राबलेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’मध्ये शिकवले की, कामाचे मोल मुख्यतः ते करणाऱ्या माणसावरून ठरते. काम जसे वस्तू घडवते, तसे माणसालाही घडवते. मग विचारायचे ते हे: पाच वर्षांनी या कामाने मला कोण केलेले असेल?

आमच्याच जिल्ह्यात वरोऱ्याला एका वकिलाने हा प्रश्न फार निकराने सोडवला. बाबा आमटे तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. त्यांनी मैला वाहण्याचे कामही केले. पुढे वकिली सोडून ते कुष्ठरोग्यांकडे वळले, पण नुसती कणव घेऊन नव्हे. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्यांनी आधी त्या रोगाचे शास्त्र शिकून घेतले. हुद्दा व पैसा सोडता येतो. कसब मात्र नव्याने कमवावे लागते. ज्यांचे घर, मान आणि मिळकत रोगाने एकदमच हिरावून घेतली होती, त्यांच्या बधिर हातांना आनंदवनात शेती, विणकाम, सुतारकाम मिळाले. अर्थात आमटे जमीनदाराच्या घरचे होते. सोडण्याजोगे काही त्यांच्यापाशी होते. ही तुलना शेजारच्या मुलावर लादणे अन्याय ठरेल.

म्हणून मी त्याला एवढेच म्हटले, “व्यापाऱ्याला विचार, तुझे काम नेमके काय? कागद पारखायचा, की फक्त वसुली करायची?” तो विचारून आला. दोन्ही, असे उत्तर मिळाले होते. बहिणीची दोन वर्षे उरली होती. तो गेला.

नाताळात तो घरी आला तेव्हा आई शेजारणींना मुलाचा हुद्दा पुन्हा पुन्हा सांगत होती. बाबांनी टेबलावरचे मिस्साविधीचे पत्रक त्याच्यापुढे सरकवले. त्याने ते दोन बोटांत चिमटीत धरले, उजेडासमोर नेले आणि त्याचे वजन सांगितले. मग थोडे थांबून म्हणाला, “बहुधा. पूर्वी खात्रीने सांगत असे.”