राखीव जागेचा अर्थ

बडोद्याच्या अलकापुरी भागातील एका व्यापारी संकुलाच्या तळघरात काही दिवसांपूर्वी घडलेला एक साधा प्रसंग आहे. माझे एक स्नेही आपली मोटार घेऊन तेथे गेले होते. बालपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांचे दोन्ही पाय अधू आहेत. कॅलिपर आणि कुबडी यांच्या आधाराने ते जेमतेम चार पावले टाकू शकतात. त्यांच्या मोटारीत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हातांनी चालवण्याची सोय करून घेतलेली असून नोंदणीपुस्तकात या बदलाची रीतसर नोंदही आहे. लिफ्टजवळची, भिंतीवर चाकाच्या खुर्चीचे चित्र रंगवलेली जागा त्या वेळी रिकामी होती. तिकडे मोटार वळवताच रखवालदार पुढे आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "काका, गाडी तो तमे ज चलावो छो ने?"

गाडी तर तुम्हीच चालवता आहात ना, मग ही जागा तुमची कशी, असा त्या प्रश्नाचा भाव होता. स्नेह्यांनी काही न बोलता दार उघडले आणि पँटचा पाय वर करून आतली लोखंडी पट्टी दाखवली. रखवालदार ओशाळला. जागा मिळाली. परंतु त्या संकुलात ते पुन्हा कधी गेले नाहीत.

या प्रसंगात दुष्ट असे कोणीच नाही. रखवालदार आपले काम करीत होता, किंबहुना राखीव जागा राखणारा तो एक दुर्मीळ रखवालदार होता. तरीही एका माणसाचा मान दुखावला गेला. असे का व्हावे, याचा विचार करताना प्रथम त्या प्रश्नातील गृहीतकाकडे पाहावे लागते. अपंग म्हणजे ज्याला कोणीतरी आणायचे, उतरवायचे आणि परत न्यायचे, अशी प्रतिमा आपल्या मनात पक्की बसलेली आहे. जो स्वतः चाक हाती धरतो तो धडधाकट असलाच पाहिजे, हा त्या प्रतिमेचा व्यत्यास.

ही प्रतिमा केवळ लोकांच्या मनात होती असे नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात अपंग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या वाहनाला 'इनव्हॅलिड कॅरेज' असे नाव होते. या इंग्रजी विशेषणाचा एक अर्थ 'रुग्ण' आणि दुसरा 'अमान्य' असा आहे, हा योगायोग बोचरा म्हणावा लागेल. शिवाय त्या व्याख्येत मुळातच वेगळ्या घडणीचे वाहन अभिप्रेत होते. साध्या मोटारीत बदल करून ती आपल्या शरीराला जुळवून घेणारा चालक तिच्यात बसत नव्हता. 2019 च्या दुरुस्तीने हा शब्द गेला आणि त्या जागी 'अनुकूलित वाहन' ही संज्ञा आली. तिच्यात बदल करून घेतलेल्या मोटारीही आल्या. दोन्ही हात नसलेले इंदूरचे विक्रम अग्निहोत्री यांना 2016 साली मोटार चालवण्याचा परवाना मिळाला होता. कायद्याची भाषा अशा माणसांच्या मागून चालत आली, असेच म्हणावे लागते.

आता त्या जागेकडे वळू. आपल्याकडील बांधकामविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी जागा किमान 3.6 मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून 30 मीटरांच्या आत असावी लागते. साध्या मोटारीला सुमारे अडीच मीटर रुंदी पुरते. वरचे मीटरभर कशासाठी? दार पूर्ण उघडता यावे, चाकाची खुर्ची बाहेर काढून दाराशी लावता यावी, कुबडी टेकायला जमीन मिळावी, एवढ्यासाठी. शेजारी कोणी अगदी चिकटून मोटार लावली, तर आतला माणूस आतच अडकून पडतो. तेव्हा ही मोकळी पट्टी म्हणजे ऐसपैसपणाची चैन नाही. तिच्यावाचून उतरणेच अशक्य असते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो सर्वस्वी असमंजसपणाचा नाही. मंगळबाजार किंवा रावपुऱ्यासारख्या भागात, जेथे स्कूटर टेकवायलाही जागा सापडत नाही, तेथे एखादी जागा तासन्‌तास रिकामी ठेवणे हा अपव्यय नव्हे काय? दोन मिनिटांसाठी मी तेथे मोटार लावली आणि तेवढ्या वेळात कोणी आलेच नाही, तर नुकसान कोणाचे झाले?

या युक्तिवादातील चूक अशी की, तो राखीव जागेचे मूल्य ती किती वेळ वापरली जाते यावरून ठरवतो. अग्निशामक दलाचा बंब दिवसभर उभा असतो, म्हणून आपण त्यातून भाजी आणायला जात नाही. तो जागेवर असेलच, ही खात्री हेच त्याचे मूल्य. अपंग चालक आज बाहेर पडायचे की नाही हे घराच्या उंबरठ्यावर ठरवतो. जागा मिळेलच असा भरवसा नसेल, तर तो निघतच नाही. मग 'कोणी आलेच नाही' हा आपला पुरावा खरा ठरतो, पण तो आपणच निर्माण केलेला असतो. या अन्यायाची विशेषता हीच, की ज्याचे नुकसान होते तो आपल्याला कधी दिसत नाही. तो घरी बसलेला असतो.

राहतो तो ओळखीचा प्रश्न. बडोद्यातील पुष्कळ कुटुंबांतील कोणी ना कोणी अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असते आणि तेथील व्यवस्था अनेकांनी पाहिलेली आहे. अमेरिकेत डॉक्टरांच्या दाखल्यावरून मोटारीच्या आरशाला अडकवायचे पत्र किंवा विशेष नंबरप्लेट मिळते. न थांबता 200 फूट चालता न येणे, हा तेथील एक निकष आहे. इंग्लंडमध्ये निळा बिल्ला व्यक्तीच्या नावाने दिला जातो, मोटारीच्या नव्हे. 2019 पासून वरवर न दिसणाऱ्या अपंगत्वाचाही त्यात समावेश झाला. आपल्याकडे देशभर मान्य असे पत्र अजून नाही. 2020 साली वाहन-नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारांमध्ये 'दिव्यांगजन' अशी नोंद करण्याची सोय झाली खरी, पण ती कागदावर राहते. नंबरप्लेटवर दिसत नाही. काचेवरचे स्टिकर दुकानात कोणालाही विकत मिळते. म्हणून रखवालदाराने त्यावर विश्वास ठेवला नाही, तर त्याला दोष देता येत नाही.

अशा पत्राचा उपयोग खोटे दावेदार रोखण्यासाठी आहे, असे आपण सामान्यतः मानतो. तसा तो आहेच. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात लबाडीने सवलत घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. पण मला त्याचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा वाटतो. ते पत्र जवळ असणाऱ्याला गप्प राहण्याचा अधिकार मिळतो. आपल्या शरीराची कहाणी त्याने एकदाच, बंद दाराआड, डॉक्टरांना सांगितलेली असते. त्यानंतर ती प्रत्येक फाटकाशी, प्रत्येक अनोळखी माणसाला, पँटचा पाय वर करून सांगावी लागत नाही. हृदयविकार, संधिवात किंवा मज्जातंतूंचा आजार असलेल्यांना तर दाखवायला लोखंडी पट्टीही नसते. त्यांच्यापाशी केवळ शब्द असतात आणि शब्दांवर विश्वास ठेवण्याची सवय आपण केव्हाच सोडली आहे.

कोणी म्हणेल, माणसे सहृदय झाली तर या कागदांची गरज काय? या शहराला त्याचे उत्तर ठाऊक असायला हवे. सयाजीराव महाराजांनी 1906 साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा दानशूरांच्या भरवशावर शाळा सोडल्या नाहीत. दयेवर अवलंबून असलेली गोष्ट दाता थकला की थांबते. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच वेगळ्या शब्दांत सांगितले: सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. ही याचिका 2005 सालची होती. निकालाला एकोणीस वर्षे लागली.

अर्थात नियम आला तरी रखवालदार राहीलच आणि रांगेतले आपणही राहू. तो प्रसंग मी जेव्हा आठवतो, तेव्हा मला रखवालदारापेक्षा मागे थांबलेल्या मोटारींची आठवण होते. त्यांतल्या एकीत मी होतो. स्नेह्यांनी पँटचा पाय वर केला तेव्हा मी खाली उतरून "हे माझ्या ओळखीचे आहेत, जाऊ द्या" असे म्हणू शकलो असतो. मी हॉर्न वाजवला नाही, एवढेच माझे पुण्य.