झिजायचं ते झिजू द्यावं

पाचगणीच्या अंगाला एका वाडीत दोघे भाऊ राहत होते. वडिलांनी दोघांना एकाच दिवशी, एकाच दुकानातून सायकली घेऊन दिल्या होत्या. काळ्या रंगाच्या, 28 इंची चाकांच्या आणि सळीच्या ब्रेकच्या. पहाटे म्हशींच्या धारा काढायच्या, कॅरियरला दुधाचे कॅन अडकवायचे आणि पसरणी घाट उतरून वाईत रतीब घालायचा, हा दोघांचा नेम.

घाटात सगळी भिस्त ब्रेकवर. सळीच्या ब्रेकची रचना साधी असते. हँडलखालचा दांडा दाबला की सळी वर ओढली जाते, तिच्या टोकाची नाल उचलली जाते आणि नालेच्या दोन बाजूंची रबरं रिमला आतून घासतात. घासून घासून रबर झिजतं आणि दांडा सैल लागू लागतो.

थोरल्याचा दांडा सैल झाला की तो वाईच्या सायकल मिस्त्रीकडे थांबायचा. मिस्त्री आधी रबरं बघायचा. थर जाड असेल तर सळी थोडी वर घेऊन नट आवळायचा. थर पातळ असेल तर दोन्ही चाकांची मिळून चारही रबरं बदलायचा. थोरला पैसे देऊन वाटेला लागायचा.

धाकट्यानं मात्र स्वतःच पाना घेऊन ठेवला होता. दांडा सैल झाला की तो सळी ओढून नट आवळून टाकी.

"दादा, उगीच पैसे घालवतोस तू. नट आवळला की झाला ब्रेक नव्यासारखा!"

आणि दर वेळी ब्रेक लागतही असे. त्यामुळे वाकून रबर बघावं, असं त्याला कधी वाटलंच नाही.

आषाढातली सकाळ होती. पाऊस कोसळत होता. लोखंडी रिम भिजली की ब्रेक आधीच उशिरा धरतो. एका वळणावर धाकट्यानं दोन्ही दांडे दाबले, तशी चाकातून खर्रर्र आवाज आला, पण सायकल काही थांबेना. शेवटी त्यानं ती डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. कोपर सोलवटलं आणि सकाळचं सगळं दूध मातीत गेलं.

थोरल्यानं त्याला आणि सायकलीला मिस्त्रीकडे आणलं. मिस्त्रीनं चाक फिरवून पाहिलं. रबर केव्हाच संपलं होतं. ते धरून ठेवणारं लोखंडी घर उघडं पडून रिमला घासलं होतं आणि रिमवर सबंध गोल चर पडला होता.

"रिम गेली," मिस्त्री म्हणाला. "आता सगळ्या तारा सोडवून नवी बांधावी लागेल."

"सायकलच जुनी झालीय हो. मोडीत घालतो," धाकटा वैतागून म्हणाला.

मिस्त्रीनं त्याचा हात धरून थोरल्याच्या सायकलीच्या रिमवर ठेवला. धाकट्यानं बोट फिरवलं. रिम गुळगुळीत होती.

"ही तुझ्या सायकलीच्याच वयाची," मिस्त्री म्हणाला. "अरे, रबर मऊ असतं ते त्यानं झिजावं म्हणूनच. चपलेचा तळ झिजतो म्हणून पाय शाबूत राहतो ना? तसंच हे. नट आवळून रबर काही वाढत नव्हतं. ते संपत आलंय, एवढंच तुला कळत नव्हतं."

मग मिस्त्रीनं नवी रिम बांधली आणि रबरं बसवताना धाकट्याला जवळ बसवून घेतलं. "घराचं बंद तोंड चाक फिरतं त्या दिशेला ठेवायचं. उलटं बसवलंस तर पहिल्याच उताराला रबर निसटेल. दोन्ही बाजूंची रबरं एकदमच बदलायची. सळीच्या सांध्यांना तेलाचा थेंब द्यायचा, पण रिमला तेलाचा हात लागू द्यायचा नाही."

रिमेचे आणि मजुरीचे पैसे मोजताना धाकट्याच्या ध्यानात आलं, की एवढ्या पैशांत रबराच्या कितीतरी जोड्या आल्या असत्या. त्या दिवसापासून दांडा सैल लागला की तो पाना हातात घेण्याआधी रबर बघू लागला.

तात्पर्य : ज्याचं कामच झिजण्याचं, ते वेळेवर बदलावं, म्हणजे जे टिकायला हवं ते टिकतं. वरवर आवळून झीज भरून निघत नाही.