परगावचा चौक आणि आपली पेठ

आपली जुनी पेठ दिवसेंदिवस निस्तेज होत चालली आहे हे ध्यानी घेऊन, जेथे अशा पेठेत पुन्हा जीव आला आहे त्या नगरीची पाहणी करण्यास एखाद्या गावच्या कारभाऱ्यांनी जावे, ही तजवीज मला सर्वथैव योग्य वाटते. परंतु दोन दिवसांच्या मुक्कामात डोळ्यांना दिसते ते कामाचे फळ असते, आणि शिकण्यासारखे जे असते ते दप्तरांत, तंट्यांत व तडजोडींत दडलेले असते, याचे भान अशा अभ्यासदौऱ्यांत फार थोड्यांना राहते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या नगरपालिकेच्या काही सदस्यांबरोबर मी अहमदाबादेस गेलो होतो. सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये वसविलेले हे नगर मराठी माणसास परके नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशवे व गायकवाड यांचा तेथे जोडअंमल होता. २०१७ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसा नगरी ठरविले, व हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर होय. सदस्यांनी भद्र किल्ल्यापासून तीन दरवाजापर्यंतची फरसबंदी पाहिली, दिव्यांची व बाकांची छायाचित्रे घेतली, आणि तशीच फरसबंदी आपल्या चौकात करण्याचा ठराव परतण्यापूर्वीच मनोमन मंजूर झाला.

मी माणेकचौकात दोन वेळा गेलो, एकदा भल्या पहाटे आणि एकदा रात्री. पहाटे सराफांच्या पेढ्यांसमोरची धूळ कुंच्याने गोळा करणारे झारेकरी त्या मातीतले सोन्याचे कण वेचण्याच्या आशेने पाट्या भरीत होते, आणि पलीकडे गाईंसाठी हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या मांडल्या जात होत्या. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री पेढ्यांची कुलुपे लागताच त्याच दगडांवर बाके ओढली जातात, तवे तापतात, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत माणसांची दाटी राहते, जिच्यामुळे बंद पेढ्यांवरही आपोआप पहारा राहतो. एकाच भूमीचा तीन प्रकारे उपयोग करण्याची ही व्यवस्था कोणा नगररचनाकाराने आखलेली नाही. ती व्यापारी, फेरीवाले व रहिवासी यांच्या परस्परसंमतीने पिढ्यान्‌पिढ्या घडत आली, आणि पालिकेचे शहाणपण इतकेच की तिने ती मोडली नाही.

पोळांतील, म्हणजे जुन्या शहरातील दाट गल्लीवस्त्यांतील, लाकडी घरांची कथा याहून बिकट आहे. नक्षीदार खांब डोळ्यांत भरतात, पण भाऊबंदांचे हिस्से, नाममात्र भाडे आणि डागडुजीचा खर्च यांनी खचलेला मालक केवळ अभिमानावर घर राखू शकत नाही. म्हणून तेथे वारसायादीतील घराच्या मालकास, न वापरता येणारा बांधकामाचा हक्क अन्यत्र विकण्याची सवलत देण्यात आली. १९९७ पासून पालिकेने चालविलेली, काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची वारसा-पदयात्रा हीदेखील रहिवाशांना आपल्याच वस्तीकडे नव्याने पाहावयास लावणारी ठरली. हक्कविक्रीचे साधन आमच्या राज्यास नवे नाही. मुंबईच्या वारसाविषयक नियमावलीत १९९५ पासूनच त्याची तरतूद आहे. तेव्हा आमच्या वाड्यांच्या दुर्दशेचे कारण ज्ञानाचा अभाव हे नव्हे. एकेका वाड्याचे मालक व भाडेकरू समोरासमोर बसवून तंटा मिटविण्याचे चिकाटीचे काम कोणी हाती घेतले नाही, हे खरे कारण आहे. फरसबंदीचा ठेका एका दिवसात देता येतो. या कामास वर्षे लागतात, आणि त्याचे छायाचित्र निघत नाही.

फेरीवाल्यांची गोष्ट तशीच. २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत त्यांच्या प्रतिनिधींस किमान चाळीस टक्के जागा दिल्या आहेत. आमच्या दौऱ्यात मात्र सदस्य होते, अभियंते होते, आणि ज्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता त्यांपैकी एकही नव्हता. ही उणीव मला आजही बोचते.

म्हणून आमच्या सदस्यांस माझी विनंती आहे. दौऱ्याचा अहवाल सभागृहात मांडण्यापूर्वी एका संध्याकाळी, दुकाने मिटण्याच्या सुमारास, आपल्याच पेठेच्या चौकात तो मोठ्याने वाचावा. हातगाडीवाल्या बायकांना, वाड्यांच्या मालकांना व भाडेकरूंना समोर बसवावे, आणि त्यांचे म्हणणे टिपून घेतल्याखेरीज फरसबंदीची एकही निविदा काढू नये.