विचारल्याशिवाय बाटली पुढे करू नकोस

परवा संध्याकाळी तू काउंटरच्या आत होतास आणि मी बाहेर, चार गिऱ्हाइकांच्या मागे उभा. तुझं लक्ष नव्हतं. तुझ्यासमोर तिशीच्या आतली एक बाई होती. "केस फार गळतायत हो, विंचरलं की नुसतं गुंतवळ निघतं," म्हणाली. तू मानसुद्धा वर केली नाहीस. मागच्या फळीवरून किटोकोनॅझोलच्या शाम्पूची बाटली काढलीस, "हा लावा, आठवड्यातनं तीनदा, गळायचे थांबतील" म्हणालास, पैसे घेतलेस आणि पुढच्याला "बोला" म्हणालास. तिच्या खांद्यावर तीन-चार महिन्यांचं बाळ झोपलेलं होतं. तिचे केस का गळतायत ते त्या बाळाकडे एकदा पाहिलं असतंस तरी कळलं असतं. तू पाहिलं नाहीस.

चार लोकांत तुझा पाणउतारा करायचा नव्हता म्हणून तेव्हा गप्प बसलो. आज बोलणार आहे आणि सगळ्या वर्गासमोर बोलणार आहे, कारण ही खोड तुझ्या एकट्याची नाही. ट्रेनिंगला मेडिकलवर उभे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना मी सकाळी विचारलं, केस गळतात म्हणून गिऱ्हाईक आलं तर काय देता? एकजात सगळ्यांनी याच शाम्पूचं नाव घेतलं. का देता, म्हटल्यावर उत्तर आलं, "सिनियर तोच देतो, सर." दुसरं उत्तर, "मी पण तोच लावतो." फार्माकॉलॉजी शिकलेल्या मुलांची ही उत्तरं असतील, तर माझ्या शिकवण्याचा उपयोग काय झाला?

आता बाटली हातात घे आणि लेबल वाच. किटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध आहे. बेल्जियमच्या यान्सेन कंपनीने ते शोधलं, १९८१ मध्ये अमेरिकेत त्याच्या गोळीला मान्यता मिळाली, शाम्पू त्यानंतर आला. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागतं. त्याची निर्मिती हे औषध रोखतं. डोक्याच्या त्वचेवर मॅलासेझिया नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्या असते आणि त्वचेतून सुटणाऱ्या तेलावर जगते. काहींच्या डोक्यात तिच्यामुळे कोंडा होतो, खाज सुटते, तेलकट पिवळट खपल्या धरतात. त्या कोंड्यावर, त्या खपल्यांवर आणि अंगावरच्या शिब्यांवर हा २ टक्क्यांचा शाम्पू चालतो, आणि चांगला चालतो. केस ओले करून तो डोक्याच्या कातडीला लावायचा, तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. कोंड्याला आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. यातलं एक अक्षर तू त्या बाईला सांगितलं नाहीस. तिला कोंडा आहे का, हेही विचारलं नाहीस. आणखी एक सांगतो. याच २ टक्के शाम्पूच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात दुष्परिणामांच्या यादीत एक टक्क्याहून कमी लोकांत केस जास्त गळाल्याची नोंद आहे. प्रमाण फार थोडं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पण जे औषध तू केस गळायचे थांबवणारं म्हणून विकतोस, त्याच्याच कागदावर काय छापलंय ते तुला ठाऊक असायला हवं होतं.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, पण त्यावर रिसर्च आहे." आहे. मीही वाचलाय, आणि वाचलाय म्हणूनच बोलतोय. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या लिएज इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तो प्रसिद्ध केला. अनुवंशाने टक्कल पडत असलेले ३९ पुरुष त्यात होते. किटोकोनॅझोलचा २ टक्के शाम्पू आणि साधा शाम्पू यांची तुलना केली, मिनॉक्सिडिल या टकलावर लावायच्या औषधाच्या २ टक्के द्रावणाशीही केली, आणि शाम्पूने केसांची घनता व जाडी काहीशी सुधारल्याचं त्यांना दिसलं. तेलग्रंथींवर आणि केसाच्या मुळाभोवतीच्या सुजेवर औषधाचा परिणाम होत असावा, कदाचित स्थानिक पातळीवर पुरुषी संप्रेरकाला ते थोडं अडवत असावं, अशी कारणं मांडली जातात. पुढे जपानमध्ये उंदरांवर प्रयोग झाले. २०२० मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा माणसांवरचे मोजून सात निघाले, सगळे मिळून ३१८ जण. निष्कर्ष काय, तर आशा वाटण्यासारखं आहे, मोठ्या आणि काटेकोर चाचण्या व्हायला हव्यात. एवढाच पुरावा आहे. तोही एका प्रकारच्या टकलापुरता, आणि बहुतेक ठिकाणी इतर उपचारांच्या जोडीला. ज्याला कोंडाही आहे आणि अनुवंशाचं टक्कलही आहे, त्याला त्वचारोगतज्ज्ञ मुख्य औषधाबरोबर हा शाम्पू लिहून देतात. ते योग्यच आहे. पण ३९ पुरुषांचा अभ्यास बाळंतीण बाईला लावायचा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

केस गळणं हा आजार नव्हे, ते लक्षण आहे. तापावर एकच गोळी सगळ्यांना देणाऱ्याला तुम्ही अडाणी म्हणता. मग इथे तुम्ही वेगळं काय केलंत?

त्या बाईचं घेऊ. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं, त्यामुळे गळायचे केसही टिकून राहतात. बाळंतपणानंतर ते एकदम उतरतं आणि पुष्कळसे केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ही अवस्था साधारण तीन महिन्यांची. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गुंतवळ दिसायला लागतं. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, या सगळ्यांनंतर हेच होतं: दुखणं आज, केस गळणार दोन-तीन महिन्यांनी. म्हणून माणसाला संबंध लागत नाही. तो तुम्ही लावून द्यायचा. मूळ कारण गेलं की बहुतेकांचे केस काही महिन्यांत आपोआप येतात. त्या बाईला धीराचे दोन शब्द हवे होते आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्यायचा सल्ला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तुझ्यासमोर उभी राहणारी दुसरी-तिसरी बाई त्यातली असते. तिच्या अंगात रक्त नाही आणि तू तिला डोक्याला फेस लावायला सांगतोस.

आता पुढे काय होईल तेही ऐक. सहा महिन्यांनी तिचे केस येतील. ते येणारच होते. पण श्रेय शाम्पूला जाईल. ती जावेला सांगेल, शेजारणीला सांगेल. मग शेजारीण येईल, तिचं कारण वेगळंच असेल, आणि तू पुन्हा तीच बाटली काढशील. या शाम्पूचा बोलबाला असाच झालेला आहे: आपोआप बऱ्या झालेल्या माणसांच्या सांगण्यावरून.

तुमच्यातली जी पोरं होस्टेलवर हा शाम्पू स्वतः लावतात, त्यांच्याशी थोडं वेगळं बोलायचंय. विसाव्या-बाविसाव्या वर्षी कपाळाच्या दोन्ही कडा मागे सरकताना पाहून मनाला काय लागतं ते मला कळतं. त्यात हसण्यासारखं काही नाही. पण या टकलाचं कारण बुरशी नाही. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक केसाच्या मुळाला हळूहळू आक्रसवत नेतं. दर फेरीला येणारा केस आधीपेक्षा बारीक, आखूड, फिकट. मूळ फार बारीक झालं की ते परत आणणं अवघड जातं. इथे सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल १९८८ पासून आणि पुरुषांसाठी फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी १९९७ पासून अमेरिकेत या कामासाठी मान्य आहे. ही औषधं लवकर सुरू केली तर जास्त राखता येतं, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि थांबवली की मिळालेलं जातं. डॉक्टरने तपासल्याशिवाय तीही घ्यायची नाहीत. फिनास्टेराइड तर गरोदर बाईला वर्ज्य. तू वर्षभर शाम्पूवर काढलंस तर ते वर्ष परत मिळत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला लहान मुलांची वाटते. सहा-सात वर्षांचं पोर, डोक्यावर गोल चट्टा, केस मुळाशी तुटलेले, खपल्या. हा डोक्यातला नायटा. ही खरोखरच बुरशी, आणि तरीही नुसत्या शाम्पूने ती जात नाही, कारण ती केसाच्या आत मुळापर्यंत शिरलेली असते. तिथे पोटातून औषध द्यावं लागतं, ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन, डॉक्टरांनी वजन पाहून ठरवलेल्या मात्रेत, काही आठवडे. शाम्पू फक्त दुसऱ्यांना लागण कमी व्हावी म्हणून. वेळ दवडला तर पूने भरलेली गाठ होते, तिथे व्रण राहतो आणि त्या जागी पुन्हा कधीच केस येत नाहीत. याच्या उलट चाई: गुळगुळीत गोल चट्टा, खाज नाही, खपली नाही. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. तिथे बुरशीच्या औषधाचं काही कामच नाही. दोन चट्टे, दोन वेगळे आजार, आणि तुमच्याकडे दोघांनाही एकच बाटली.

आपल्याच राज्यातलं एक उदाहरण आठवा. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस मूठ-मूठ जाऊ लागले, काहींना थोड्याच दिवसांत टक्कल पडलं. सुरुवातीला बुरशीचा संशय आला, पाण्यावर बोट ठेवलं गेलं, "टक्कल व्हायरस" म्हणून भीती पसरली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी नमुने तपासून घेतले आणि रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढलेलं असल्याचं मांडलं. रेशनच्या गव्हाकडे त्यांनी लक्ष वेधलं. बुरशी म्हणून सगळे शाम्पू चोळत बसले असते, तर जेवणाच्या ताटाकडे कोणी पाहिलं असतं?

काहीजण नुसता शाम्पू देऊन थांबत नाहीत, त्याहून पुढे जातात. लवकर गुण यावा म्हणून शाम्पूबरोबर किटोकोनॅझोलची गोळीही टेकवतात. असं कोणी केल्याचं माझ्या कानावर आलं तर मी गय करणार नाही. शाम्पू कातडीतून रक्तात जवळजवळ जात नाही. गोळी थेट यकृतातून जाते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यकृताच्या गंभीर इजेबद्दल या गोळीवर कडक निर्बंध घातले आणि युरोपच्या औषध संस्थेने ती बाजारातून थांबवायची शिफारस केली. केसांसाठी कोणाचं यकृत पणाला लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आणि कायदा? औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधली अनुसूची ‘जे’ तुम्ही परीक्षेसाठी घोकली आहे. जे आजार औषधाने बरे होतात असा दावा करता येत नाही, त्यांची ती यादी. टक्कल त्या यादीत आहे. नवे केस उगवणंही आहे. औषध बनवणाऱ्या कंपनीला जे वेष्टनावर छापता येत नाही, ते तू काउंटरवरून बेधडक बोललास: "गळायचे थांबतील."

मग करायचं काय, ते लिहून घ्या. केव्हापासून गळतात? सगळीकडून विरळ होतात, पुढून मागे सरकतात, की चट्टा पडलाय? कोंडा आहे, खाज आहे? गेल्या तीन-चार महिन्यांत ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपवासाचं डाएट झालंय? नवी गोळी सुरू झालीय? अंगावरून जास्त जातं, थकवा येतो? हे विचारायला दोन मिनिटं पुरतात. कोंडा आणि खाज असेल तर शाम्पू दे, पण कोंड्यासाठी म्हणून दे, लावायची रीत सांगून दे, चार आठवड्यांत फरक नाही पडला तर डॉक्टरांकडे जा म्हणून दे. चट्टा असेल, लहान मूल असेल, मुळाशी लाली, दुखणं किंवा पू असेल, तर काही विकू नकोस, त्याच दिवशी पाठव. बाळंतीण किंवा तापातून उठलेला असेल तर धीर दे आणि रक्त तपासायला सांग. पुढून टक्कल पडणाऱ्या पोराला त्वचारोगतज्ज्ञ दाखव आणि उशीर करू नकोस म्हणून बजाव.

मालक रागावेल म्हणता. रागावू दे. विक्री बुडाली म्हणून रागावणाऱ्या मालकाला उत्तर देता येतं. उशीर झाल्यामुळे ज्या पोराच्या डोक्यावर कायमचा व्रण राहिला त्याच्या आईला काय उत्तर देणार? फार्मासिस्ट म्हणून नोंदणी झाली की लोक तुमच्या शब्दावर पैसे आणि शरीर दोन्ही टाकतात. खेड्यापाड्यात डॉक्टर लांब असतो आणि मेडिकल जवळ. बहुतेकांचा पहिला सल्लागार तुम्हीच असता. डॉक्टर व्हा असं तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. विचारा आणि योग्य जागी पाठवा, एवढंच सांगितलंय. एवढं करायला ज्याला वेळ नाही, त्याने काउंटरच्या आत उभं राहू नये.